सुधारणा क्रमांक सहा

मशीन बनवणाऱ्या कंपनीला सुधारणांची यादी पाठवायची, हा ठराव आमच्या मंडळात एकमताने मंजूर झाला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या मंडळात चहात साखर किती असावी यावरही आजवर एकमत झालेलं नाही. आम्ही सातजण दर रविवारी सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन नदीकाठच्या मोकळ्या मैदानात जातो, दांडीच्या टोकाची थाळी झाडू मारल्यासारखी जमिनीवरून फिरवतो आणि कानात ‘टुंई’ वाजलं की गुडघ्यावर बसून खणतो. बघणाऱ्यांना वाटतं, हे खजिना शोधतात. आम्ही प्रत्यक्षात काय आणतो हे आमच्या घरच्यांना माहीत आहे. दोन वर्षांत मी एकशे चाळीस खिळे, सायकलच्या घंटीची टोपी, अर्धं बिजागर आणि एक इतकं झिजलेलं नाणं आणलं, की ते कुठल्या बाजूने उलटं ठेवायचं हेही कळत नाही.

यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी विमा कंपनीत दाव्यांचे अर्ज तपासतो. लोकांच्या कागदांतल्या चुका काढण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळे मशीनमधल्या चुका काढायला माझ्याइतका लायक माणूस मंडळात दुसरा नाही असं अध्यक्ष म्हणाले. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं असं मी अजूनही धरून चाललो आहे. पण मी पडलो काटेकोर माणूस. जी सुधारणा आपण स्वतः करून बघितली नाही ती दुसऱ्याला सुचवायची कशी? म्हणून मी आधी माझ्याच मशीनवर प्रयोग सुरू केले.

पहिली तक्रार वजनाची. तासभर मशीन फिरवलं की खांदा असा भरून येतो की संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेताना तांब्या कानापर्यंतच पोचतो. त्यावर मी जुन्या दप्तराचा पट्टा खांद्यावरून लावला. दुसरी तक्रार पडद्याची, उन्हात त्यावर स्वतःच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही. त्याला बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं छप्पर केलं. बॅटरीचं झाकण चालता चालता पडतं, आणि प्लास्टिकचं असल्यामुळे मेटल डिटेक्टरने शोधता येत नाही. त्याला रबरबँड लावलं. आवाजाचं बटण डासाच्या गुणगुणीवरून थेट भोंग्यावर जातं, मधे काही नाही. तिथे मी हेडफोनमध्ये कापूस भरला. पाचवी सुधारणा म्हणून थाळीला छोटा दिवा बांधला. मशीन हळूहळू एखाद्या आजारी माणसासारखं दिसू लागलं. बायको म्हणाली, “अहो, याला आता सलाइन तेवढं लावायचं राहिलंय.”

आणि मग क्रमांक सहा.

खिळ्यांचा छळ काय असतो हे ज्याने एकशे चाळीस खिळे खणलेत त्यालाच कळेल. मशीनमध्ये लोखंड गाळायची सोय असते. ती लावली की लोखंड थाळीखाली आलं तरी मशीन गप्प राहतं, फक्त पितळ, तांबं, चांदी असल्या घरंदाज धातूंना बोलतं. पण मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की ते सगळं विसरायचं आणि पुन्हा खिळ्याखिळ्याला कोकलायचं. दर वेळी सात बटणं दाबून त्याला आठवण करून द्यायची. एखाद्या रविवारी मी विसरलो की मैदानावर माझी जागा लांबूनही ओळखू यायची, कारण तिथे घुशीने उकरल्यासारखे खड्डे असायचे. मशीनने मालकाची आवड लक्षात ठेवायला नको? मी मशीन उचललं आणि कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, “लोखंड हा विषय या मशीनच्या डोक्यातून कायमचा काढून टाक.”

रेडिओवाल्याने विचारलं, “कायमचा म्हणजे अगदी कायमचा? नंतर कधी लागलं तर?”

“लोखंड मला या जन्मात लागणार नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. त्याने आत कुठेतरी कथलाचा डाग दिला, वरून गोंद ओतला आणि मशीन खरोखर शहाणं झालं. पुढच्या रविवारी एकही खिळा नाही. मी यादीत लिहिलं : ‘सुधारणा क्रमांक सहा, अत्यंत यशस्वी.’

त्यानंतर बरोबर चार दिवसांनी नोटीस आली.

नोटीस कशाची ते सांगायला आईकडे यावं लागेल. आईचं गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. आमचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि जिना तिला बंद झाला. तिची सगळी सोय खालच्या मागच्या खोलीत, पलंगाशेजारी, बादली आणि टॉवेल घेऊन दुसऱ्या कुणीतरी करायची. सहा महिने तिने ते सोसलं. तोंडाने ती काही बोलली नाही, पण अंघोळीच्या वेळी भिंतीकडे तोंड करून ठेवायची, आणि ते मला बघवत नसे. शेवटी त्या खोलीला लागून मागच्या अंगणात छोटं बाथरूम बांधलं. धरायला दोन्ही बाजूंना दांड्या, उंच बैठक, घसरणार नाही अशी फरशी. मिस्त्रीने दाराला बाहेरून कडी लावायला घेतली होती. “पडल्या-बिडल्या तर उघडता यायला हवं,” तो म्हणाला. आई म्हणाली, “कडी आतून. मी पडले तर दार मोडा.” पहिल्या दिवशी ती आत गेली, कडी लावली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. आम्ही नवराबायको दाराशी कान लावून उभे. आतून गाणं ऐकू आलं.

नोटिशीत लिहिलं होतं की हे बांधकाम हद्दीबाहेर असल्याची शंका आहे. शंका घेणारे आमच्या शेजारचे हरकतराव. हे त्यांचं नाव नव्हे, पण त्यांचं खरं नाव आता त्यांच्या टपालवाल्यालाही आठवत नसेल. ते वाईट मनाचे नाहीत. फक्त कुठलीही वस्तू सरळ आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मी जाब विचारायला गेलो तर म्हणाले, “तक्रार नाही हो केली. नुसतं विचारलं. हद्दीत असेल तर तुम्हाला कशाची भीती?”

मोजणी कार्यालयातल्या कारकुनाने नियम समजावला. प्लॉट पाडले तेव्हा प्रत्येक कोपऱ्यात एक सळई पुरली होती. मागच्या कोपऱ्यातली सळई दाखवली तर तिथून माप धरता येईल. नाही दाखवली तर रस्त्याच्या मध्यापासून मोजायचं.

“मग रस्त्यापासून मोजा की,” मी म्हणालो.

“रस्ता दोनदा पलीकडच्या बाजूला रुंद झालाय, त्याचा मध्य सरकलाय. तिथून मोजलं तर तुमचं बाथरूम दीड फूट बाहेर जातं. म्हणजे पाडावं लागेल.” त्याने हे वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. “पंधरा दिवसांत खूण दाखवा, नाहीतर खूण आढळली नाही असं लिहून द्या.”

मी हसलो. खरोखर हसलो. जमिनीत पुरलेली सळई शोधायची, आणि तीही मला? “साहेब,” मी म्हणालो, “घरी मशीन आहे.”

घरी येऊन मी अंगणाचा नकाशा काढला. चोवीस चौकोन पाडले. तपासलेल्या चौकोनावर बरोबरची खूण करून खाली सही करायची अशी पद्धत ठरवली, कारण कुठलंही काम सहीशिवाय झालं असं मी मानत नाही. शनिवारी सकाळी कुंड्या हलवल्या, आई वेताच्या खुर्चीवर येऊन बसली, हरकतराव भिंतीवर कोपरं टेकवून उभे राहिले आणि समोरच्या वहिनी चहाचा कप घेऊन फाटकात आल्या. शोधकार्याला एवढे प्रेक्षक मला कधीच मिळाले नव्हते.

दुसऱ्याच चौकोनात मशीन बोललं. खणलं, तर पितळी नळाची चकती. पाचव्यात बोललं, तर टूथपेस्टची चेपलेली जुनी नळी. नवव्यात असं गोड बोललं की मी फावडं टाकून हातांनीच उकरू लागलो. हातभर खोल चांदीचा चमचा निघाला. आई म्हणाली, “अगं बाई, माझा चमचा! याच्यापायी मी भांडी घासणारीला केवढं बोलले होते.” आणि तिने त्या गेलेल्या बाईची तिथल्या तिथे हात जोडून माफी मागितली.

सल्ले येत होतेच. वहिनींचं म्हणणं, मशीन अनवाणी चालवावं. हरकतरावांचं म्हणणं, मी थाळी तिरकी धरतो. “उजवीकडे झुकतेय तुमची,” ते दर दोन मिनिटांनी म्हणत. अकराव्या चौकोनात आईची खुर्ची होती. ती बाजूला घेतली, तिथेही तीनदा थाळी फिरवली, मशीन चकार शब्द बोललं नाही. बरोबरची खूण, सही, आणि खुर्ची परत जागेवर.

रविवारी संध्याकाळपर्यंत चोवीस चौकोन झाले. चोवीस सह्या झाल्या. अंगणात गुलाब सोडून सगळं उपटलं गेलं आणि सळई काही सापडली नाही. मी कपाळावरचा घाम पुसला आणि जमलेल्या लोकांना गंभीरपणे सांगितलं, “इथे सळई नाही. मशीन खोटं बोलत नाही.”

सोमवारी मी जाऊन ‘खूण आढळली नाही’ असं लिहून दिलं, नकाशा जोडला. खोटं लिहून देण्याचा मोह मला झाला नाही याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. घरी आलो तर आई पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती.

“मोठ्याकडे जाईन म्हणते थोडे दिवस,” ती म्हणाली. मोठा म्हणजे माझा भाऊ. “तिकडे लिफ्ट आहे. तुमची पाडापाडी होईल तेव्हा धूळ नको मला.”

“थोडे दिवस म्हणजे किती?”

“बघू.” तिने एक घडी उलगडून पुन्हा घातली. “तसं छान आहे त्याचं घर. बाथरूमला फक्त सरकतं दार आहे, काचेचं. कडी नाही त्याला.”

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ विनाकारण सोडून ठेवला.

मंगळवारी मी रजा टाकली. करायला काही नव्हतं म्हणून यादी पुरी करायला बसलो. आई पलंगावर बसून पिशवीच्या बंदाला टाका घालत होती. तिची शिवणकामाची कात्री, ती जुनी जाडजूड, कापताना खच्च आवाज करणारी, हातातून निसटून पलंगाखाली गेली.

“अरे, तुझं ते यंत्र फिरव बघू खाली,” आई म्हणाली. “मला वाकता येत नाही, आणि तुला यंत्राशिवाय वाकता येत नाही.”

मी मशीन चालू केलं, पाचव्या सुधारणेचा दिवा लावला, हेडफोन घातला. पलंग लाकडी, त्यामुळे अडथळा नव्हता. मान वर ठेवून मी थाळी इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवली. शांतता. मी हेडफोन काढला आणि म्हणालो, “इथे कात्री नाही.”

आईने काठीचं वाकडं टोक पलंगाखाली घातलं आणि खरवडत काहीतरी ओढून घेतलं. “मग ही काय आहे?”

मी कात्रीकडे बघितलं. मग मशीनकडे. कात्री उचलून थाळीवर ठेवली. मशीन गप्प. कात्री थाळीवर आपटली. मशीनने दखलही घेतली नाही. मी फरशीवरच बसलो. चोवीस चौकोन, चोवीस सह्या, आणि मी दोन दिवस लोखंड बघायचंच नाही अशी शपथ घातलेल्या मशीनने लोखंडाची सळई शोधत होतो. मशीनला मी लक्षात ठेवायला शिकवलं होतं, आणि स्वतः विसरलो होतो.

आईला सगळं सांगितलं. तिने कात्री मांडीवर ठेवली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, खुबा दुखेपर्यंत हसली. “तुझे वडीलसुद्धा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे,” ती म्हणाली, “पण शोधून झाल्यावर सही नव्हते करत.”

मी मशीन रेडिओवाल्याच्या पुढ्यात टाकलं. तो म्हणाला, “या जन्मात लागणार नाही म्हणाला होतात.” गोंद पक्का वाळला होता. खरवडून काढायला दोन दिवस लागतील असं त्याने सांगितलं, आणि मला तिथे उभं राहायला मनाई केली.

बुधवारी मोजणी कार्यालय. दिलेला कागद मागे घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यात कारण लिहावं लागतं. कारकुनाने माझा अर्ज मोठ्याने वाचला. “‘अर्जदाराच्या यंत्राने लोखंड वर्ज्य केले असल्यामुळे.’ म्हणजे उपास वगैरे?” शेजारच्या टेबलावरची माणसं माना वळवून बघू लागली. मी सगळं पुन्हा सांगितलं. त्याने ते दोघांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. मग चष्मा पुसत म्हणाला, “तुम्ही विमा कंपनीत ना? माझ्या मेहुण्याचा अर्ज तुम्ही तीनदा परत पाठवला होतात. शाई हिरवी होती म्हणून.”

मला तो अर्ज आठवला. हिरवी शाई मीच पकडली होती. मी मान खाली घातली.

“हा तुमचा कुठल्या शाईतला आहे?” त्याने अर्ज उजेडात धरला. उलटून मागूनही पाहिला. मग त्याने शिक्का मारला. “निळ्या. ठीक आहे. उद्या मोजणीदार येतील, त्यांचं स्वतःचं यंत्र घेऊन. तोवर अंगणात काही खणू नका, नाहीतर सळई तुम्हीच पुरली म्हणतील शेजारी.”

गुरुवारी सकाळी मोजणीदार आले. किडकिडीत, खांद्याला मशीन. त्यांनी ते पाठीवरून पुढे घेतलं आणि मी बघतच राहिलो. दांडीला दप्तराचा पट्टा होता. पडद्यावर पुठ्ठ्याचं छप्पर होतं. बॅटरीच्या झाकणाला रबरबँड होतं.

“तुमचंही झाकण पडतं?” मी विचारलं.

“सहा हरवली!” ते कळवळून म्हणाले. “आणि हा खांदा बघा. सतरा वर्षं झाली. हे बनवणाऱ्याने स्वतः एक दिवस तरी फिरवलं असेल का हो?”

“आवाजाचं बटण?”

“नावच काढू नका. मी कापूस घालतो.”

असा समदुःखी मला मंडळातसुद्धा भेटला नव्हता. मी खिशातून यादी काढली. ते दांडी भिंतीला टेकवून वाचू लागले. दुसऱ्या क्रमांकाला “वा!” म्हणाले, पाचव्याला “दिवा! हे मला कसं सुचलं नाही!” म्हणाले. दांडी मधे वळणारी असावी की नको यावर आमची चर्चा रंगात आली होती, तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

“आधी माझं बाथरूम राहतंय की जातंय ते सांगा. मग यंत्रांची सोयरीक जमवा.”

आईचे दोन्ही हात काठीवर घट्ट होते. मी यादी खिशात घातली. सळई सापडली म्हणजे सुटलो असंही नव्हतं. ती बाथरूमच्या अलीकडे निघाली असती तर भिंत त्याच दिवशी गेली असती. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या शर्टाची पाठ मुठीत धरली.

मोजणीदारांनी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत म्हणाले, “आजी, जरा उठता का?”

आई उठली. अकरावा चौकोन. थाळी खाली गेली आणि मशीन असं कोकललं की फाटकातल्या वहिनींचा चहा सांडला. वीतभर खणल्यावर गंजकं डोकं दिसलं. बोटाएवढी जाड सळई, सरळ उभी, दोन दिवस आईच्या खुर्चीखाली आणि माझ्या सहीखाली बसून राहिलेली.

मग दोरी ताणली. दोरी बाथरूमच्या भिंतीच्या दिशेने निघाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. हरकतरावांचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

“आत,” मोजणीदार म्हणाले. “चार बोटं आत.”

“कुणाची चार बोटं?” हरकतरावांनी विचारलं.

“माझी. सरकारी.” त्यांनी हात वर करून दाखवला. हरकतराव भिंतीवरून वाकले, दोरीकडे एक डोळा मिटून बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, “सरळ आहे.” मग आईकडे न बघता, “बरं झालं, काकू. मलाही झोप नव्हती.”

माझा जीव भांड्यात पडला. बायकोने शर्ट सोडला, तो चुरगळलेला शर्ट मी दिवसभर बदलला नाही. मोजणीदारांनी कागदावर सही घेतली आणि जाताना यादीची एक प्रत मागून घेतली. मी सहावी सुधारणा खोडून त्या जागी नवी लिहिली : ‘चालू करताच मशीनने मालकाला विचारावे, आज तुला नेमके काय शोधायचे आहे?’ ते म्हणाले, ही सगळ्यांत महत्त्वाची.

दुपारी रेडिओवाल्याकडून मशीन आणलं. जुन्या सवयी पूर्ण परतल्या होत्या. अंगणात पाऊल टाकलं तर ते फाटकाला बोललं, फावड्याला बोललं, उकरलेल्या मातीतल्या खिळ्याला बोललं. मला त्याचा एकदाही राग आला नाही. आईने पिशवीतल्या घड्या केव्हाच कपाटात परत ठेवल्या होत्या. आता ती टॉवेल खांद्यावर टाकून, काठी टेकत, माझ्या समोरून बाथरूममध्ये गेली. आतून कडी लागली. ठण्ण.

मी उगाचच थाळी दाराजवळ नेली. मशीन कडीला जीव तोडून ओरडू लागलं.

“अरे, मी इथेच आहे,” आतून आई म्हणाली. “शोधू नकोस!”

मी मशीन बंद केलं. थोड्या वेळाने आतून पाण्याचा आवाज आला, आणि मग गाणं.